अमाल्फी की चिलेंतो? आधी आईंच्या गुडघ्यांना विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही श्टुटगार्टला राहता, आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत, मुलं ९ आणि ५ वर्षांची. ऑगस्टच्या उत्तरार्धात नऊ रात्री दक्षिण इटलीत समुद्रकाठी काढायच्या आहेत. आईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बाबा पक्के शाकाहारी, मिस्टरांना गाडी चालवायची हौस. पोझितानोचा फोटो बघून सगळ्यांचं मन अमाल्फीच्या किनाऱ्यावर बसलंय, पण ऑफिसातली इटालियन मैत्रीण म्हणते, "तिथं नका जाऊ, जरा खाली चिलेंतोला जा." नकाशात दोन्ही शेजारी दिसतात, मग एवढा काय फरक पडतो?

उत्तर आधीच सांगून टाकते: सात रात्री चिलेंतो, आणि त्याआधी दोन रात्री सालेर्नो शहरात, तिथून एक दिवस बोटीने अमाल्फी. मी सोळा वर्षं मराठी कुटुंबांच्या इटलीच्या सहली आखते. तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाला गेली काही वर्षं मी हेच सांगते. पूर्वी सांगत नव्हते. का, ते पुढे येईल.

आधी भूगोल. सालेर्नो शहर मध्ये धरा. त्याच्या पश्चिमेला व्हिएत्रीपासून पोझितानोपर्यंत अमाल्फीचा किनारा. दक्षिणेला सेले नदीचं सपाट मैदान, ते ओलांडलं की आग्रोपोलीपासून खाली सापरीपर्यंत चिलेंतो. दोन्ही एकाच सालेर्नो प्रांतात, दोन्ही युनेस्कोच्या यादीत. अमाल्फी १९९७ साली, चिलेंतो त्याच्या पुढच्या वर्षी. (सोरेंतो यात नाही. ते डोंगराच्या पलीकडे, नेपल्सच्या आखातावर आहे. ‘अमाल्फीत हॉटेल स्वस्त मिळालं’ म्हणून लोक सोरेंतोचं बुकिंग करून बसतात, म्हणून सांगितलं.)

फरक सगळा डोंगराचा आहे. अमाल्फीच्या बाजूला डोंगर सरळ समुद्रात उतरतो, मध्ये सपाट जागा अशी नाहीच. म्हणून घरं एकावर एक रचल्यासारखी, म्हणून लिंबांच्या बागा दगडी बांधांच्या पायऱ्यांवर, आणि म्हणूनच तो फोटो इतका सुंदर येतो. चिलेंतोत डोंगर मागे सरकलाय आणि पुढे वाळू सोडून गेलाय. फोटोला ते फिकं दिसतं. पण तुमच्या पाच वर्षांच्या पोराला बादली-फावडं घेऊन बसायला वाळू लागते, आणि आईंना पाय टेकायला सपाट जमीन.

अमाल्फीच्या पायऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माहितीपत्रकात त्या कधीच नसतात. अमाल्फी गावातल्या मुख्य चर्चलाच ६२ पायऱ्या आहेत, आणि तिथल्या मानाने हा आकडा किरकोळ. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आपण सुट्टीच्या सकाळी हौसेने चढतो. पोझितानो किंवा प्रायानोत तेवढ्या पायऱ्या दूध आणायला जाताना होतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पुण्याच्या एका कुटुंबासाठी मी प्रायानोत खोल्या घेतल्या होत्या. जाहिरातीत लिहिलं होतं, समुद्रापासून २०० मीटर. ते खरंच होतं, पण ते २०० मीटर उभे होते. तीनशेच्या वर पायऱ्या. त्या घरातल्या आजी चार दिवस गॅलरीत बसून समुद्र बघत राहिल्या, खाली एकदाही उतरल्या नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून मला जास्त लागलं. तेव्हापासून मी अंतर मीटरमध्ये विचारणं सोडून दिलं.

दुसरी गोष्ट रस्ता. पोझितानो ते व्हिएत्री जाणारा १६३ क्रमांकाचा राज्य रस्ता म्हणजे कड्यात खोदलेली एक लांबलचक ओळ. मिस्टरांना वळणं आवडत असतील, पण ऑगस्टमध्ये तो रस्ता चालवायचा नसतो, त्यावर थांबायचं असतं. समोरून बस आली की आरसे मिटायचे, मागे घ्यायचं, मागच्याला हात करायचा, त्याने त्याच्या मागच्याला. शिवाय गर्दीच्या काळात तिथं गाडीच्या नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम, यावर दिवस वाटून दिलेले असतात: ऑगस्टमध्ये रोज, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर शनिवार-रविवारी, सकाळी १० ते संध्याकाळी ६. हा नियम २०२२ पासून लागू झाला, आणि भाड्याच्या गाडीलाही तो लागतो. पार्किंगचा दर तासावर असतो आणि तो बघून भूक मरते. बसने जाऊ म्हणाल, तर सकाळी नऊनंतर भरलेली बस मधल्या थांब्यावर थांबतच नाही. थांबलीच तर उभं राहून वळणं खायची. नऊ वर्षांच्या मुलीला गाडी लागते असं तुम्ही लिहिलंय. मग झालंच.

आता अमाल्फीची बाजूही मांडते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई फोटोवर जळते. तो किनारा खरोखर अपूर्व आहे, फक्त तो बघायची जागा रस्त्यावर नाही, पाण्यावर आहे. वरचा रस्ता एकोणिसाव्या शतकात झाला. त्याआधी शेकडो वर्षं या गावांत यायचं ते मुख्यतः बोटीने. अमाल्फी हे मध्ययुगात स्वतंत्र सागरी प्रजासत्ताक होतं, पिसा-जेनोवा-व्हेनिसच्या पंक्तीतलं. गावांचं तोंड समुद्राकडे आहे, पाठ डोंगराकडे. रस्त्याने आलात की तुम्ही मागच्या दाराने येता.

म्हणून सालेर्नोत दोन रात्री. नेपल्सच्या विमानतळावर गुरुवारी उतरा, नेपल्सच्या मुख्य स्टेशनावरून वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत सालेर्नो. (सालेर्नोजवळ पोंतेकान्यानोलाही २०२४च्या जुलैपासून विमानं उतरू लागली आहेत. तुमच्या तारखांना सोयीचं उड्डाण मिळतंय का ते बघा, प्रवास निम्मा होईल.) सालेर्नोचं स्टेशन आणि बोटीचा कोंकोर्दिया चौकातला धक्का यांत चालत पाच-सात मिनिटं, तीही सपाट. स्टेशनाजवळच राहा. शहर साधं आहे, लोक नोकरीला जातात, मुलं शाळेत जातात, हॉटेलांचे दर माणसाळलेले. संध्याकाळी समुद्रालगतच्या झाडांखालच्या रस्त्यावर अख्खं गाव फिरायला निघतं. आईंना तिथं बाकडं मिळेल.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी धरा. सालेर्नो ते अमाल्फी साधारण ३५ मिनिटं, पोझितानोपर्यंत ७०. बोट पोझितानोपर्यंत न्या, म्हणजे अख्खा किनारा डाव्या हाताला... चुकले, जाताना उजव्या हाताला असतो. उजवीकडच्या जागा पकडा. वरच्या डेकवर ऊन फार, टोप्या घ्या. चेतारा, मायोरी, मिनोरी, आत्रानी अशी गावं एकामागून एक सरकतात. आत्रानी क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यांत छोटी नगरपालिका आहे, बोटीवरून ती एका नजरेत मावते. पोझितानोला उतरा, पण चढू नका. फोटोत जे दिसतं ते किनाऱ्यावरूनच दिसतं, वर गेलात की दुकानं दिसतात. लिंबाचा बर्फगोळा म्हणजे ग्रानिता घ्या (त्यात दूध-अंडं काही नसतं), मुलांचे पाय पाण्यात बुडवा, आणि तासा-दीड तासाने परतीच्या बोटीने अमाल्फीला उतरा. तिथला चौक बराचसा सपाट आहे. ज्याच्या नावाचा पुतळा धक्क्याजवळ उभा आहे त्या फ्लाव्हियो जोयाने होकायंत्र शोधलं असं गावकरी सांगतात. इतिहासकारांना मात्र हा माणूस खरंच होऊन गेला का, याचीच शंका आहे. बाबांना ही गोष्ट आवडेल. चर्च खालून बघितलं तरी चालतं, ज्यांना ६२ पायऱ्या चढायच्या त्यांनी चढाव्यात.

माझ्या मनातलं विचाराल तर पोझितानोपेक्षा वरचं रावेल्लो कितीतरी सुंदर. समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचीवर, चौकाला लागूनच व्हिला रुफोलोचं दार, आणि आतल्या बागेतून दिसणारा समुद्र. संगीतकार वाग्नर १८८०मध्ये ती बाग बघून हरखला होता आणि त्याच्या शेवटच्या ऑपेरातली जादूची बाग त्याला तिथं सापडली. पण एका दिवसात पोझितानो आणि रावेल्लो दोन्ही, तेही पाच वर्षांच्या मुलासकट, नको. आणि पोझितानो बघितलं नाही तर घरी परतल्यावर तुम्हाला चुटपूट लागेल. तेव्हा रावेल्लो पुढच्या वेळी, फक्त तुम्ही दोघं आलात की.

शनिवारी सकाळी सालेर्नोतच गाडी भाड्याने घ्या आणि दक्षिणेकडे निघा. नेपल्सला गाडी घेऊ नका. तिथल्या रहदारीत पहिला तास घालवायचं काही कारण नाही, आणि सालेर्नोतले दोन दिवस ती नुसती उभी राहील. शनिवार मुद्दाम म्हणते, कारण ऑगस्टमध्ये चिलेंतोतली घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच मिळतात.

वाटेतच लागतं पेस्तुम. इसवी सनपूर्व ६००च्या सुमारास ग्रीक लोकांनी वसवलेलं गाव, तेव्हाचं नाव पोसेइदोनिया. तीन मोठी ग्रीक मंदिरं उघड्या मैदानात उभी आहेत. सर्वांत जुनं इसवी सनपूर्व ५५०च्या आसपासचं, सर्वांत पूर्ण दिसणारं साधारण शंभर वर्षांनी नंतरचं. पुढे इथं दलदल झाली, मलेरिया पसरला, लोक गाव सोडून डोंगरावर गेले, आणि त्यामुळेच दगड चोरायलाही फारसं कोणी उरलं नाही. अथेन्सच्या टेकडीवर जसं मुंगीसारखं रांगेत चढावं लागतं तसं इथं नाही. जमीन सपाट आहे, आई हळूहळू चालू शकतील. फक्त सावली नाही, म्हणून शनिवारी दुपारी थांबू नका. घर ताब्यात घ्या आणि एखाद्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला किंवा ऊन उतरल्यावर परत या. संग्रहालयात एका थडग्याचं झाकण आहे, १९६८मध्ये सापडलेलं. त्यावर एक माणूस उंचावरून पाण्यात सूर मारतोय, बाकी फारसं काही नाही. त्या एका चित्रासाठी मी चार वेळा गेले आहे.

आणि म्हशी. पेस्तुमच्या आजूबाजूचं मैदान म्हणजे म्हशींचा मुलूख. जिच्यावर जग जीव टाकतं ती मोत्झारेल्ला याच म्हशींच्या दुधाची. सांगलीच्या माणसाला इथं आणल्यावर काय होतं ते मी पाहिलंय, ते मंदिरं विसरतात. म्हैस काळी, अंगाने आपल्या ओळखीची, पण पंढरपुरी म्हशीसारखी तलवारी शिंगं नाहीत. बऱ्याच गोठ्यांना लागून दुकान असतं आणि सकाळच्या वेळी चीज बनताना बघायला मिळतं. गरम पाण्यात मऊ केलेला गोळा दोन हातांनी ताणायचा आणि अंगठा-तर्जनीने तोडायचा. ‘मोत्झारे’ म्हणजे तोडणं, त्यावरूनच नाव. गोठ्यांमध्ये काम करणारे पंजाबी भाऊ भेटण्याची शक्यता बरीच आहे. बाबांना गप्पा मारायला हिंदी पुरेल. त्याच दिवशी बनलेला गोळा त्याच दिवशी, फ्रिजमध्ये न ठेवता खायचा. कापला की दूध गळलं पाहिजे.

आता बाबांच्या शाकाहाराचं एक अप्रिय सत्य. मोत्झारेल्ला काय किंवा पार्मेजानो काय, दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. काही कुटुंबांना हे चालतं, काहींना अजिबात नाही. हे मी आधीच सांगते, कारण जेवणाच्या टेबलावर कळलं तर सगळ्यांचाच घास अडतो. बाबांना चालत नसेल तर त्यांच्यासाठी पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. फक्त ‘आलीची’, म्हणजे बारीक मासळी, नको हे सांगायचं. अमाल्फीच्या बाजूला चेतारा गावात याच मासळीचं खारवलेलं पाणी काढतात, कोलातुरा नावाचं. ते थेंब-दोन थेंब पास्त्यात घातलं तर दिसत नाही, म्हणून तिथं जास्त विचारावं लागतं. वाक्य पाठ करा: "सेंझा कार्ने, सेंझा पेशे, सेंझा ब्रोदो", म्हणजे मटण-मासे-रस्सा काही नको. ‘ब्रोदो’ विसरू नका. सूपचं पाणी मांसाचं आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. अंडं चालत नसेल तर ‘उओवा’ विचारा. वाळवलेला नेहमीचा पास्ता गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो, ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं.

एवढं सांभाळलं की चिलेंतो शाकाहारी माणसासाठी इटलीतल्या सोप्या जागांपैकी एक आहे. गरिबांचा प्रदेश, मटण सणासुदीला, बाकी वर्षभर कडधान्य आणि भाजी. चिचेराले नावाच्या गावाचं नावच हरभऱ्यावरून पडलंय. पास्त्याच्या रुंद पट्ट्या आणि हरभरे असा ‘लागाने ए चेची’ मिळतो. वांगं, बटाटा, ढोबळी मिरची, टोमॅटो एकत्र शिजवलेली ‘चांबोत्ता’ बाबा दुसऱ्यांदा मागतील. ‘आक्वासाले’ म्हणजे कडक पाव पाण्यात भिजवून वर टोमॅटो, तेल, मीठ, ओरेगानो. उन्हातून आल्यावर याहून चांगलं काही नाही. ऑगस्टअखेर पांढरे अंजीर पिकलेले असतात, रस्त्याकडेला म्हातारे लोक टोपलीत घेऊन बसतात. भूमध्यसागरी आहार म्हणून डॉक्टर जे सांगतात, त्याचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक अन्सेल कीज याच किनाऱ्यावर पिओप्पी गावात घर बांधून अनेक वर्षं राहिले आणि १०० वर्षं जगले. पिओप्पीत त्या आहाराचं छोटंसं संग्रहालय आहे. ते ठीकठाक आहे, मुलं पंधरा मिनिटांत कंटाळतील.

तरीही घर घ्या ते स्वयंपाकघरासकट. रेस्टॉरंटं संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी उघडत नाहीत आणि पाच वर्षांच्या मुलाची भूक तोवर थांबत नाही. दुपारी एक ते पाच दुकानंही बंद. छोटा कुकर, हळद-तिखट-गोडा मसाला आणि तूरडाळ जर्मनीहून आणा. तांदूळ तिथं मिळेल, पण रिसोत्तोचा उचलू नका, त्याचा गोळा होतो. आणखी एक: समुद्रकाठच्या अशा घरांच्या भाड्यात चादरी-टॉवेल असतातच असं नाही. विचारून घ्या.

चिलेंतोत राहायचं कुठे? तुमच्यासाठी सांता मारिया दी कास्तेल्लाबाते. आग्रोपोली त्याच्या आधी लागतं, तिथं रेल्वे स्टेशन आहे, बाजार मोठा आहे. गाडी घ्यायचीच नसती तर मी तेच सांगितलं असतं. पण ते गाव म्हणून गजबजलेलं. सांता मारियात वाळूचा लांब किनारा गावाला अगदी चिकटून आहे, पाणी हळूहळू खोल होतं, आणि संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या गल्लीत गाड्यांचा त्रास कमी. वर डोंगरावर जुनं कास्तेल्लाबाते आहे. एका संध्याकाळी गाडीने वर जाऊन सूर्यास्त बघा, तिथल्या पायऱ्या मोजक्या आहेत पण दगड गुळगुळीत आहेत, आईंच्या पायात चांगले बूट हवेत. समोरचा समुद्र संरक्षित आहे, त्यामुळे बोटींची धावपळ मर्यादित आणि पाणी स्वच्छ.

आच्चारोलीही छान आहे, बंदराचं देखणं गाव, पण घरं कमी आणि लवकर जातात. पालिनुरो आणि मारिना दी कामेरोता इथलं पाणी सगळ्यांत सुंदर, हे मान्य. गुहा, कमानी, फक्त बोटीने पोचता येणारे छोटे किनारे. पालिनुरोचं नाव व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या, झोपेत समुद्रात पडलेल्या नावाड्यावरून आलंय. पण ते सालेर्नोपासून शंभरेक किलोमीटर, शेवटचा भाग वळणांचा, आणि तिथं राहिलात तर पेस्तुम लांब पडतं. एक दिवस लवकर निघून पालिनुरोला जा, भूशिराला वळसा घालणारी बोटीची फेरी करा, संध्याकाळी परत. हा रस्ता मिस्टरांच्या हौसेला पुरेल. जाताना वेलियाचे अवशेष लागतात. पार्मेनिदेस आणि झेनो हे तत्त्वज्ञ तिथले. कासवाला कधीच गाठू न शकणाऱ्या धावपटूचं कोडं ज्याने घातलं तोच हा झेनो. मुलीला हे कोडं गाडीत घाला, अर्धा तास शांतता मिळेल.

किनाऱ्यावर इटालियन लोक ‘लीदो’त जातात, म्हणजे छत्री आणि सनबेड भाड्याने देणारी ठरावीक जागा, त्यात शॉवर-शौचालय-कॅफे असतो. घाटकोपरच्या लग्नासारख्या रांगा बघून दचकू नका, म्हाताऱ्या माणसांना हीच सोय. आठवड्याचं एकदम ठरवा, घासाघीस थोडी चालते. चिलेंतोत दोन सनबेड आणि छत्रीला जेवढे पडतात, तेवढ्यात पोझितानोच्या मोठ्या किनाऱ्यावर एकट्या माणसाची सोय होईल याची खात्री नाही. शेजारी फुकटचा मोकळा किनाराही असतो, पण तिथं सावली आपली आपण न्यायची. आईंना पोहण्याच्या कपड्यांचा संकोच वाटत असेल तर त्यांना तिथल्या आज्या दाखवा. सकाळी नऊला कंबरभर पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तासभर गप्पा मारतात, पोहत कोणीच नाही. सलवार-कमीज घालून कडेला खुर्चीत पाय बुडवून बसलेल्या बाईकडे कोणी वळूनही बघत नाही.

चिलेंतोच्या उणिवाही ऐका. इंग्रजी कमी चालतं. सत्तरच्या दशकातली काँक्रीटची घरं मधूनमधून डोळ्यांत खुपतात. गाडीशिवाय हाल, बस दिवसातून मोजक्या. आणि १५ ऑगस्टच्या आसपास, त्यांच्या ‘फेर्रागोस्तो’च्या सणाला, अख्खं नेपल्स तिथं उतरतं. रात्री दोनपर्यंत गाणी, वाळूवर टॉवेलाला टॉवेल. म्हणून एक विनंती: तुमच्या राज्यातल्या शाळांची सुट्टी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, तर १८-२०ला निघण्याऐवजी ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी निघा. समुद्र तेवढाच उबदार असतो, भाडी उतरतात, इटालियन लोक घरी परतायला लागलेले असतात. सालेर्नो-अमाल्फीची बोटही तेव्हा जरा सुसह्य होते. नंबरप्लेटची भानगड तुम्हाला लागूच होत नाही, कारण तुमची गाडी त्या रस्त्यावर जाणारच नाही.

हेच उत्तर मी सगळ्यांना देत नाही. महाराष्ट्रातून येणारे लोक मे महिन्यात येतात, कारण आपली उन्हाळी सुट्टी तेव्हा. मेमध्ये इथला समुद्र १८-१९ अंशांवर असतो, आपली माणसं त्यात पाय घालून लगेच बाहेर येतात. चिलेंतोतले लीदो नुकते रंगरंगोटी करत असतात, किनारपट्टीची गावं अर्धी बंद. अमाल्फीत मात्र लिंबाच्या फुलांचा वास, बोटी सुरू, हवा चालण्याजोगी. तेव्हा मेमध्ये, गुडघे शाबूत असलेल्या दोघा-चौघांना मी डोळे मिटून अमाल्फी सांगते. आणि सगळं वाचूनही तुमच्या घरात ‘अमाल्फीतच राहायचं’ असं ठरलं, तर मायोरी बघा. त्या बाजूचा सर्वांत लांब किनारा तिथं आहे, जवळजवळ एक किलोमीटर, आणि समुद्रालगतचा रस्ता सपाट. १९५४च्या पुरात गावाचं फार नुकसान झालं, नंतर नव्या इमारती उभ्या राहिल्या, म्हणून फोटोत ते मागे पडतं आणि म्हणूनच त्यातल्या त्यात परवडतं. बोट मायोरीलाही थांबते.

कागदपत्रांचं दोन ओळींत: आई-बाबांचा शेंगेन व्हिसा इटलीतही चालतो, वेगळं काही लागत नाही. पण मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी सगळ्यांचे पासपोर्ट दाखवावे लागतात, तेव्हा मूळ पासपोर्ट बरोबर हवेत. व्हिसासाठी काढलेला आरोग्य विमा परतीच्या तारखेपर्यंत चालू आहे ना, ते बघा. आईंच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत ठेवा. तातडीचा नंबर ११२. नगरपालिकेचा मुक्काम-कर माणशी रात्रीमागे वेगळा घेतात, बरेचदा रोख.

आजच करायचं काम एकच. सांता मारियातली तीन-चार घरं निवडा आणि मालकाला विचारा: "क्वांती ग्रादीनी?" किती पायऱ्या? रस्त्यापासून दारापर्यंत किती, दारापासून खोलीपर्यंत किती, आणि किनाऱ्यापर्यंत किती, असं वेगवेगळं. ‘पोकी’, म्हणजे ‘थोड्याच’, असं उत्तर आलं तर पुन्हा आकडा मागा.